‘मी वड बोलतोय’: नाशिकच्या मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शिक्षिका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एक ताई रात्री साडेनऊला माझ्याकडे आल्या. हातात शाळेची डायरी. त्यांचं लेकरू नववीत आहे. डायरीत पालकांसाठीच्या सूचनेचं छापील पान असतं ना, ‘आपला पाल्य’ आणि पुढे रिकाम्या रेघा, तेच पान होतं. वर्गशिक्षकांनी लाल पेनानं ‘आपला’मधला ‘ला’ खोडून ‘ली’ केला होता आणि पुढे लिहिलं होतं: ‘वर्गात स्वतःला मुलगा म्हणवून घेते. पालकांनी उद्या समक्ष भेटावे.’ ताईंनी मला एवढंच विचारलं, “दादा, उद्या काय बोलू?”

मला विचारण्याचं कारण, मी त्याच वाटेनं आलेला माणूस आहे, मुलगी म्हणून वाढवलेला पुरुष. सोसायटीत बहुतेकांना ते ठाऊक आहे. कोणी विषय काढत नाही, पण गणपतीच्या वर्गणीला आले की ‘दादा’ म्हणतात. मला तेवढं पुरतं.

हे पत्र त्या एका शाळेला नाही. तिचं नाव मी लिहिणार नाही, माझ्या जुन्या शाळेचंही नाही. जून उजाडला की पंचवटीपासून पाथर्डी फाट्यापर्यंत आणि नाशिकरोडपासून सातपूरपर्यंत नवे हजेरीपट उघडतील, आणि त्यांतल्या काहींमध्ये ‘मुली’ या रकान्यात असा एखादा मुलगा बसलेला असेल. तो तुम्हाला लगेच दिसणार नाही, कारण न दिसण्याचा त्याचा सराव तुमच्या पाहण्याच्या सरावापेक्षा जास्त असतो. तो सराव कसा होतो ते आधी सांगतो.

मी पस्तिशी ओलांडलेला, सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. दहावीपर्यंत नाशिकच्याच शाळेत होतो, मुलींच्या रांगेत. इंग्रजी माध्यमातलं पोर ‘आय वेंट’ म्हणून सुटतं. आपल्या मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ यातलं एक उचलावंच लागतं, दिवसातून शंभर वेळा. घरी मी ‘आलो’ म्हणायचो तेव्हा सगळे कौतुकानं हसायचे. शाळेत बाईंनी दोनदा सुधारलं, तिसऱ्यांदा हातावर पट्टी बसली. मग मी पळवाटा शोधल्या. भविष्यकाळ बिनधोक असतो: ‘मी येईन’, ‘मी करणार’. ‘मी पाहिलं’, ‘मी म्हटलं’ हेही चालतं, तिथलं क्रियापद बोलणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही. ‘मी विसरले’ म्हणायची वेळ आली की ‘लक्षात राहिलं नाही’. ‘मी आजारी होते’ऐवजी ‘बरं नव्हतं’. आणि हजेरीला तर अडचणच नव्हती: ‘हजर’. या एका शब्दाचे माझ्यावर फार उपकार आहेत. आमच्या बाई आईला म्हणाल्या होत्या, “किती तोलून बोलते हो तुमची मुलगी!” तोलून बोलत नव्हतो बाई, वाट काढत होतो.

सुट्टीत सटाण्याला आजीकडे गेलो की जिभेलाही सुट्टी. आजी अहिराणी बोलायची. ‘मी जास’, ‘मी करस’: बाई बोलो की बाप्या, वर्तमानकाळ एकच. त्या दोन महिन्यांत मी किती बडबड करायचो ते आजीनंच आईला आश्चर्यानं सांगितलं होतं. पुढे नोकरीत कोल्हापूरकडच्या मुली भेटल्या, त्या सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. म्हणजे व्याकरणाचा हा कडक पहारासुद्धा सगळ्या महाराष्ट्रात सारखा नाही.

आणि मग निबंध. तुम्ही आत्मवृत्त देता. ‘मी नदी बोलतेय’, ‘मी वटवृक्ष बोलतोय’, ‘शाळेच्या घंटेचं मनोगत’, कोणताही एक लिहा. मी दर वेळी पुल्लिंगी वस्तू उचलायचो. फळा, आरसा, रस्ता, दिवा. सहावीत मी पंचवटीतला वड झालो. दीड पान. ‘मी उभा होतो. मी सगळं पाहत होतो. यात्रा आली की माझ्या पारावर माणसं टेकायची, मी मात्र कधी बसलो नाही.’ दहापैकी नऊ गुण मिळाले आणि बाईंनी निबंध वर्गात वाचायला लावला. पन्नास पोरांसमोर मी पाच मिनिटं ‘होतो, होतो’ करत उभा राहिलो आणि कोणीही सुधारलं नाही. शाळा सुटल्यावर होळकर पुलावर थांबून मी तो निबंध गोदावरीला पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या सबंध शालेय आयुष्यात मी स्वतःच्या आवाजात बोललो ते एवढंच.

(आता कृपा करून वडाचं आत्मवृत्त लिहिणाऱ्या प्रत्येक मुलीकडे संशयानं पाहू नका. बहुतेकींना वडच आवडत असतो.)

या काळात घरचं वातावरण वाईट नव्हतं, उलट लाडाचं होतं. वडील मला स्कूटरवर पुढे उभं करून गंगापूर धरणावर न्यायचे. पिंपळगावला मामाच्या द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या छाटणीला मी कात्री घेऊन मजुरांच्या बरोबरीनं उभा राहायचो, तेव्हा मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, “भाची कसली, वाघ आहे वाघ. मुलगाच आहे आमचा.” मुलगी मुलासारखी निघाली याचा आपल्याकडे केवढा अभिमान असतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. मुलगा मुलीसारखा निघाला की लाज, मुलगी मुलासारखी निघाली की अभिमान. तो अभिमान मी खरा धरला. आठवीत मी स्वतःच तेच वाक्य म्हणायला लागलो आणि ज्याचं सातवीपर्यंत कौतुक होतं तो गुन्हा झाला.

आठवीपासून आमच्याकडे मुलींना फ्रॉकऐवजी पंजाबी ड्रेस आणि ओढणी होती. त्याच वर्षी पाळी आली. अंग असं बदलायला लागलं की जणू कोणी न विचारता माझ्या खोलीतलं सामान हलवतंय. मी एका मैत्रिणीला सांगितलं की मी मुलगा आहे. तिला ते ओझं झालं असावं, तिनं बाईंना सांगितलं. बाईंनी मला शिक्षकखोलीत बोलावलं. चार शिक्षक डबा खात बसले होते. त्यांच्यासमोर बाईंनी विचारलं, “काय ऐकतेय मी?” मला कुठलीच पळवाट सापडली नाही, मी गप्प उभा राहिलो. संध्याकाळी घरी फोन गेला.

बाईंचा हेतू वाईट नव्हता. मुलीचं काही बिनसलंय, घरच्यांना वेळेवर कळावं, एवढंच त्यांना वाटलं असणार. पण त्या फोननंतर माझं क्रिकेट बंद झालं. केस वाढवायला लावले. एक आत्या ‘लक्ष ठेवायला’ म्हणून राहायला आली. एका देवरुषानं लिंबू उतरवलं, एका डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या, बारावी होताच स्थळं सुरू झाली. मारहाण फार झाली नाही. मी त्यातल्या त्यात नशीबवान. पण नववीत मी ‘हजर’सुद्धा तोंडानं म्हणत नव्हतो, नुसता हात वर करायचो. दोन वर्षांत आत्मवृत्ताचा एकही निबंध लिहिला नाही, पत्रलेखन घेतलं.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, तुझं झालं ते झालं, पण आम्हाला हे प्रकरण कळतच नाही, त्याचं काय? रास्त आहे. ट्रान्समस्क्युलिन हा शब्द तोंडात बसायलाच अवघड. जन्मल्यावर ज्यांची नोंद ‘मुलगी’ अशी झाली, पण ज्यांची स्वतःबद्दलची जाणीव पुरुषाची किंवा पुरुषाकडे झुकणारी आहे, त्या सगळ्यांना मिळून हा शब्द वापरतात. त्यातले काही स्वतःला ट्रान्स पुरुष किंवा पारलिंगी पुरुष म्हणवतात. काही नुसतं ‘पुरुष’, मी त्यातला. काही जण सांगतात की आम्ही पुरते पुरुषही नाही आणि बाई तर नाहीच. त्यांना नॉनबायनरी म्हणतात. यातल्या कोणाला हार्मोन किंवा शस्त्रक्रिया हवी असते, कोणाला एक हवी असते आणि दुसरी नको, कोणाला काहीच नको असतं. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा झाला तेव्हा त्याच्या व्याख्येत ट्रान्स पुरुष हा शब्द आला तोही असा, की उपचार झालेले असोत वा नसोत.

गोंधळ होतो तो तीन गोष्टी एकात कालवल्यामुळे. रात्री दिवा मालवल्यावर अंथरुणात मी स्वतःशी कोण म्हणून बोलतो, ती माझी ओळख. सकाळी कपाटातून काय काढतो, केस कसे ठेवतो, कसा चालतो-बोलतो, ती अभिव्यक्ती. आणि जीव कोणावर जडतो हा तिसराच विषय. त्यावरून पहिल्या दोहोंचा अंदाज बांधता येत नाही. मला आजही पाडव्याला दारात रांगोळी काढायला आवडते, शेजारच्या काकू ठिपक्यांचा हिशेब मला विचारतात. माझा एक ट्रान्स मित्र खांद्यापर्यंत केस ठेवतो. आम्ही दोघंही पुरुषच. उलट बॉयकट केलेली, बुलेट चालवणारी, कबड्डीत चढाईला जाणारी मुलगी ही मुलगीच असते आणि तिला तसं राहू द्यावं. तिच्या पाठीमागे हे नवं लचांड लावून देऊ नका. फरक बाहेरून ओळखायचा नसतोच. ‘मला मुलांसारखं खेळायचंय’ आणि ‘मी मुलगा आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि दुसरं वाक्य बोलायचा अधिकार फक्त त्या लेकराचा. तुमचं काम निदान करण्याचं नाही. ते बोललंच, तर त्या वाक्यानंतर तुम्ही काय करता, एवढाच प्रश्न आहे.

‘म्हणजे तृतीयपंथी का?’ हा पुढचा प्रश्न मला हमखास येतो आणि विचारणारा माझ्या कपड्यांकडे बघून गोंधळतो. त्यात त्याची चूक नाही. नाशिककरांनी तृतीयपंथी पाहिले ते कोजागिरीला सप्तशृंगी गडावर जमणारे, छबिन्याच्या मिरवणुकीत नाचणारे. किंवा शहरातल्या द्वारका चौकाच्या सिग्नलवरचे. तृतीयपंथी साधूंचा किन्नर आखाडा २०१५ मध्ये उभा राहिला, पुढच्याच वर्षी उज्जैनच्या सिंहस्थात त्याची मिरवणूक निघाली, आणि आता आपल्याकडच्या नव्या सिंहस्थाच्या तयारीतही लोकांना ट्रान्सजेंडर म्हटलं की तोच आठवतो. ती परंपरा मोठी आहे, त्या बहिणींनी आमच्याही वाटेवरचे काटे बाजूला केले आहेत. पण आमची तशी परंपरा नाही. आम्हाला गुरू नाही, डेरा नाही, टाळी नाही. मला याचं कारण साधं दिसतं. मुलगा म्हणून वाढवलेली ट्रान्स स्त्री बहुतेकदा घराबाहेर काढली जाते. मुलगी म्हणून वाढवलेला ट्रान्स पुरुष बहुतेकदा घरात कोंडला जातो. पहिली रस्त्यावर दिसते. दुसऱ्याचं लग्न लावून देतात. २०११ च्या जनगणनेत देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ माणसांची नोंद ‘इतर’ म्हणून झाली. त्यात आमच्यासारखे किती, हे त्या आकड्याला विचारून कळत नाही, आणि आमच्यातले बहुतेक तेव्हा ‘स्त्री’ या रकान्यातच मोजले गेले असणार. मी तरी तिथेच होतो.

मग येतो इन्स्टाग्रामचा मुद्दा. मुलं मोबाइलवर बघतात आणि डोक्यात घेतात. मी आठवीत होतो ते साल २००३, आमच्या घरी लँडलाइन होता. आणि गोष्ट त्याहून फार जुनी आहे. मायकल डिलन नावाचा एक ब्रिटिश डॉक्टर होता. जन्म १९१५, मुलगी म्हणून. १९३९ मध्ये त्यानं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घ्यायला सुरुवात केली, आणि १९४६ ते १९४९ या काळात हॅरल्ड गिलिस या सर्जननं त्याच्यावर शस्त्रक्रिया केल्या. हे गिलिस म्हणजे पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर प्लॅस्टिक सर्जरी करणारे. डिलन जहाजावर डॉक्टर म्हणून काम करू लागला. १९५८ मध्ये वर्तमानपत्रांनी त्याचं गुपित फोडलं. तो पळून कुठे आला? भारतात. सारनाथला बौद्ध धर्म शिकला, लडाखच्या रिझोंग मठात राहिला आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारला. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली त्या रात्री झोप आली नाही. गुपित फुटल्यावर पळून जायला मलाही कुठेतरी डोंगरावर जागा हवी होती.

आणि आपल्याच महाभारतातला शिखंडी? द्रुपदानं लेकीला लेक म्हणून नव्हे, मुलगा म्हणून वाढवलं. दशार्णाच्या राजाच्या मुलीशी लग्न लावलं, तिथे बिंग फुटलं, सासरा सैन्य घेऊन निघाला. शिखंडी मरायला रानात गेला आणि तिथे स्थूणाकर्ण यक्षानं त्याला आपलं पुरुषत्व दिलं. कुरुक्षेत्रावर त्याच्याविना भीष्म पडले नसते. एवढा महारथी, आणि मराठीत आपण त्याचं नाव कशासाठी वापरतो? भित्र्या माणसाला शिवी म्हणून. आमच्या पीटीच्या सरांच्या तोंडी ती दिवसाला तीनदा असायची. तुमच्या शाळेत असेल तर तेवढी तरी थांबवा, बाकी सगळं नंतर.

अलीकडचं म्हणाल तर बीड जिल्ह्यातले पोलीस कर्मचारी ललित साळवे यांची २०१८ मधली लिंगबदलाची शस्त्रक्रिया सगळ्या मराठी वर्तमानपत्रांत गाजली. त्यामुळे निदान घराघरात विषय तरी निघाला. पण त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र, म्हणजे एरवी पुरुषांत असतं ते, आढळल्याचं बातम्यांत आलं होतं, आणि तेव्हापासून मला लोक विचारतात, ‘तुझं काय निघालं तपासणीत?’ काही नाही निघालं. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. रक्तात काही सापडलं तरच माणूस खरा, असं नसतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यावर संस्थाचालकांचा आणि शिक्षणाधिकाऱ्यांचा दाब असतो आणि अशा वेळी हातात कागद असावा लागतो. १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आपली लिंगओळख स्वतः ठरवणं हा मूलभूत हक्कांचा भाग आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. २०१९ च्या कायद्याचं १३ वं कलम थेट तुमच्यासाठी लिहिलेलं आहे: सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेनं ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांना भेदभाव न करता शिक्षण द्यायचं, खेळ आणि करमणुकीची संधीसुद्धा द्यायची. २०२१ मध्ये एनसीईआरटीनं या विषयावर शिक्षकांसाठी एक चांगली पुस्तिका काढली होती. वाद झाला आणि ती संकेतस्थळावरून काढून घेतली गेली. म्हणजे तुम्हाला कोणी शिकवलं नाही हा तुमचा दोष नाही, हे मी मान्य करतो.

आणि ‘समुपदेशन करून सरळ करू’ हा विचार असेल तर तो आजच सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली, तिच्यात हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणात नाही. ओळख बदलण्यासाठी केलेले ‘उपचार’ हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं त्याच वर्षी सांगितलं. समुपदेशक जरूर असावा, पण लेकराचं दुःख हलकं करायला, लेकरू बदलायला नाही. हार्मोन वगैरे शाळेच्या दारात आणूच नका. तो तज्ज्ञ डॉक्टरांचा, घरच्यांचा आणि वयाचा प्रश्न आहे. तुमच्याकडे कोणी औषध मागत नाहीये.

काय मागतोय ते सांगतो. सगळ्यात आधी, पाणी.

मी आठवीपासून नववीच्या दिवाळीपर्यंत सकाळी सात ते दुपारी एक पाणी पीत नव्हतो. मुलींच्या स्वच्छतागृहात गेलो की मुली गप्प व्हायच्या, मुलांच्या स्वच्छतागृहात जायचा प्रश्नच नव्हता. एप्रिलच्या उन्हात सहा तास. लघवीच्या जळजळीचं दुखणं मला त्या वयात लागलं. आमच्या शाळेत प्रयोगशाळेशेजारी शिक्षकांसाठी एक कडीचं स्वच्छतागृह होतं. नववीच्या दिवाळीनंतर एक दिवस शिपाई मावशींनी माझ्या हातात त्याची किल्ली ठेवली. म्हणाल्या, “तासाला मधनं जात जा. कुणाला सांगू नको, मलाच बोलतील.” काही विचारलं नाही, काही समजून सांगितलं नाही. बहुधा माझ्यासारख्याला काय म्हणतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण लेकरू पाणी पीत नाही हे सगळ्या शिक्षकखोलीत फक्त त्यांच्या लक्षात आलं. तुमच्या शाळेतही आतून कडी लागणारं एखादं स्वच्छतागृह असेलच. बहुतेक ठिकाणी ते अपंगांसाठी बांधलेलं आणि कुलूप लावून ठेवलेलं असतं. ते उघडा. त्यात कचऱ्याचा डबा ठेवा, कारण मुलाला पाळी येते हे वाक्य ऐकायला कितीही विचित्र वाटलं तरी ती येते. दारावर पाटी लावायची गरज नाही. पोट बिघडलेलं पोरही तिथे जाईल आणि मग कोणी कोणाकडे बघणार नाही.

दुसरी गोष्ट पीटीच्या सरांसाठी. अशी मुलं छाती सपाट दिसावी म्हणून ती बांधतात. त्यासाठी बाइंडर नावाचं खास वस्त्र मिळतं, पण त्याला पैसे लागतात आणि ते पार्सलनं घरी यावं लागतं, म्हणून पोरं मेडिकलमधून क्रेप बँडेज आणतात, नाहीतर चिकटपट्टी. हे घातक आहे. बँडेज हलताना आवळत जातं, फासळ्यांवर दाब येतो, श्वास पुरत नाही. चांगलं बाइंडरसुद्धा आठ तासांच्या वर घालू नये, झोपताना नाही आणि धावताना तर नाहीच. एखादं लेकरू दोन फेऱ्यांत पांढरं पडत असेल, भर उन्हात जाड जाकीट काढत नसेल, तर ‘नाटकं करते’ म्हणण्याआधी हे आठवा. बाजूला घेऊन, चारचौघांत नव्हे, एवढंच विचारा, ‘दम लागतोय का? आज पंच म्हणून उभं राहायचं का?’ पाहा, ‘राहायचं का’. मराठीत असं बोलता येतं.

नावाचं म्हणाल तर कागदावरचं नाव बदलणं तुमच्या हातात नाही, मला ठाऊक आहे. राजपत्र, प्रतिज्ञापत्र, बोर्ड, हे सगळं मी केलंय. माझं ट्रान्सजेंडर ओळखपत्र त्या कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार झालं, तेव्हा ऑनलाइन अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागलं, शारीरिक तपासणीची अट नव्हती. नंतर शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव बदलून घ्यायला गेलो तर एका खिडकीतल्या बाबूंनी मला दहा मिनिटं न्याहाळलं आणि विचारलं, “मग ती मुलगी कुठंय?” मी म्हटलं, “साहेब, तिच्याच दाखल्यासाठी आलोय.” असो. पण वर्गात हाक मारायला कागद लागतो का? तुम्ही वर्षानुवर्षं पोरांना सोनू, पिंट्या, बारकू म्हणून हाका मारता, कधी आधार कार्ड मागितलं? ते नावही जड जात असेल तर आडनावानं बोलवा. गणवेशात ओढणीऐवजी शर्ट-पँट हा पर्याय सगळ्याच मुलींना ठेवा. त्यात हा एक मुलगाही मावेल आणि सायकलवर येणाऱ्या मुलीही दुवा देतील.

आणि घरी फोन. हे पत्र खरं तर या एकाच गोष्टीसाठी लिहायला घेतलं होतं. लेकरानं तुम्हाला सांगितलं म्हणजे त्यानं सगळ्या शहरातून तुमची निवड केली. त्यामागे त्यानं कित्येक महिने तुम्हाला पारखलेलं असतं: तुम्ही कोणत्या विनोदाला हसता, कोणत्या मुलाला ‘बायल्या’ म्हणता. फोन उचलण्याआधी त्याला विचारा, घरी कोणाला माहीत आहे? कोणाला कळलेलं चालेल? आई, आजी, मोठा भाऊ, कोणी एक? कळलं तर मार बसेल का? मार बसणार असेल तर तुमचा फोन थांबू शकतो. लेकरू घाबरलेलं असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ आहे, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलतात. आणि पालकांशी बोलायची वेळ आलीच, तर लेकराला समोर बसवून बोला. त्याच्या आयुष्याची पहिली वाटाघाट त्याच्या पाठीमागे करू नका. आमच्या बाईंनी हे प्रश्न विचारले असते तर मी आजीचं नाव घेतलं असतं. सटाण्याची आजी. तिनं काय केलं असतं मला ठाऊक नाही, पण तिच्या भाषेत तरी मला जागा होती.

पालक म्हणजे राक्षस असंही समजू नका. माझे वडील बारा वर्षं माझ्याशी धड बोलले नाहीत. मग माझा आवाज फुटला, मिशी आली, आणि एके दिवशी फोन आला. तेव्हापासून आजतागायत ते मला ‘जेवलास का’ म्हणत नाहीत, ‘जेवलीस का’ही नाही. म्हणतात, “जेवण झालं का?” “कधी निघणं होणार?” “गाडी नीट चालवावी.” मी सहाव्या वर्षी शोधलेल्या पळवाटा ते साठाव्या वर्षी शिकले. गेल्या श्रावणात एकदा घाईत त्यांच्या तोंडून “अरे” निघून गेलं. दोघंही गप्प झालो. मग त्यांनी पावसाचा विषय काढला, गंगापूर धरण किती भरलं वगैरे.

त्या रात्री ताई डायरी उघडून बराच वेळ माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. चहा गार झाला. मग त्यांनी लाल अक्षरांखाली निळ्या पेनानं लिहिलं: ‘सूचना वाचली. उद्या अकराला येते. माझ्या पाल्याला समोर बसवून बोलू या,’ आणि थांबल्या. पुढे ‘तिच्या’ लिहू की ‘त्याच्या’, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, ताई, पाल्य हा शब्द पुल्लिंगीच आहे, शाळेनं छापलेलं पान बघा. त्या हसल्या. ‘त्याच्या पाठीमागे नको’ असं लिहून त्यांनी सही केली.

आपला,
एक माजी विद्यार्थी
नाशिक